तीनचाकीची बॅटरी बदलताना

आरोग्याच्या सदरात बॅटरीचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु ज्याचे पाय चालत नाहीत, त्याचे पाय म्हणजे त्याची बॅटरीवरची तीनचाकी. ती बंद पडली की दवाखाना, बाजार, ग्रामपंचायत, लग्नकार्य सगळेच बंद पडते. माणूस घरात बसतो, वजन वाढते, मन खचते, बैठकीवर जखमा होतात. म्हणून या आठवड्यात गोळ्या-औषधे बाजूला ठेवून बॅटरीविषयी चार गोष्टी समजून घेऊ.

आपल्या माण तालुक्यात अशा गाड्या आता बऱ्याच दिसतात. केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ सालापासून आहे. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यात तयार झालेल्या तीनचाक्या शिबिरांतून दिव्यांगांना मिळतात. काही जण पदरचे पैसे घालून स्कूटर किंवा बॅटरीची खुर्ची घेतात. यातले पुष्कळ जण लहानपणी पोलिओ झालेले आहेत. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पण त्याआधीची पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. आयुष्यभर कुबड्या आणि हाताने फिरवायची सायकल वापरून त्यांचे खांदे झिजले आहेत. शिवाय पोलिओनंतर तीस-चाळीस वर्षांनी उरलेल्या स्नायूंची ताकद पुन्हा कमी होऊ लागते, हेही अनेकांच्या बाबतीत घडते. अशा माणसाला ‘बॅटरी गेली तर हाताने मार’ असे सांगणे म्हणजे त्याचे खांदे कायमचे घालवणे होय.

चुकीच्या बॅटरीने काय होते?

म्हसवड भागातील एका वाडीवरचा पस्तिशीतला तरुण माझ्याकडे उपचारासाठी येतो. विहिरीच्या कामावर पडून त्याच्या मणक्याला मार बसला. छातीखाली संवेदना नाही. त्याच्या तीनचाकीची बॅटरी संपल्यावर एका दुकानातून त्याला ‘तेवढ्याच एएचची, निम्म्या किमतीत’ म्हणून नवीन जोडी देण्यात आली. दीड महिना गाडी चालली. पुढे चैत्रातल्या एका दुपारी ओढ्यातून वर येताना चढावरच ती थांबली. जीप येईपर्यंत हा जवळजवळ तीन तास उन्हात बसून होता.

ज्यांच्या मणक्याला छातीच्या वरच्या भागात इजा झालेली असते, त्यांना इजेच्या खाली नीट घाम येत नाही. घाम नाही म्हणजे शरीर थंड होत नाही आणि उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त. त्यातच बैठकीला संवेदना नसल्याने दुखत नाही, म्हणून माणूस जागचा हलत नाही. आणि एकाच हाडावर तासन्‌तास भार पडला की आतले मांस मरते. त्या दिवशी त्याला तापही चढला आणि बैठकीवर जखमही झाली. जखम भरायला अडीच महिने लागले. मला त्याने विचारले, “डॉक्टर, बॅटरी तर नवीच हाय की. मग गाडी चढालाच का बसली?”

त्याच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण तो प्रश्न पुष्कळांचा आहे.

बॅटरीचे दोन स्वभाव

शिशाची आणि आम्लाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये तयार केली. आजही बहुतेक गाड्यांत तीच जात आहे. पण या जातीत दोन स्वभाव असतात.

पहिला स्वभाव ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल सुरू करणाऱ्या बॅटरीचा. स्टार्टर फिरवायला तिने दोन-चार सेकंद भरपूर करंट द्यायचा आणि लगेच इंजिनाने तिला पुन्हा भरायचे. त्यासाठी तिच्या आतल्या प्लेट पातळ व पुष्कळ असतात. तिला रोज निम्म्याहून खाली उतरवली तर त्या प्लेट थोड्याच दिवसांत झडतात.

दुसरा स्वभाव रोज सावकाश रिकामी होऊन रात्री भरणाऱ्या बॅटरीचा. हिच्या प्लेट जाड असतात. दुकानात हिला ‘डीप सायकल’ म्हणतात. तीनचाकीला, खुर्चीला, स्कूटरला हीच लागते.

गळ्यात घुंगरू बांधून शर्यतीला पळवायचा बैल आणि दिवसभर मोट ओढणारा बैल, दोन्ही बैलच. पण कामे बदलून चालत नाहीत. वर सांगितलेल्या तरुणाला शर्यतीचा बैल मोटेला जुंपून दिला होता. पेटीवरचा एएचचा आकडा तोच असल्याने त्याला फरक कळणे शक्य नव्हते.

संगणकाच्या यूपीएसची बंद बॅटरीही दिसायला हुबेहूब असते. ती बहुधा नुसती भरून ठेवायची आणि वीज गेली तरच वापरायची या बेताने बनवलेली असते. बंद बॅटरीवर चार्जिंगचे व्होल्ट छापलेले असतात. ‘सायकल यूज’ १४.४ ते १५ व्होल्ट, ‘स्टँडबाय’ १३.५ ते १३.८ व्होल्ट, असे साधारण ते असते. येथे ‘सायकल’ म्हणजे भरणे-रिकामे होणे, याचे फेरे. नुसते ‘स्टँडबाय’ लिहिलेली बॅटरी गाडीला घेऊ नये.

घरच्या इन्व्हर्टरची पाणी टाकायची बॅटरी रोज रिकामी व्हायला तयार असते, पण ती जड आणि उंच असते. ओढ्याच्या उतारावर गाडी कलली की आम्ल सांडते. बैठकीखाली आम्ल आणि वर संवेदना नसलेली कातडी, हा संयोग टाळलेलाच बरा. म्हणून गाडीत बंद बॅटरीच घालावी. तिच्यात एजीएम आणि जेल असे दोन प्रकार मिळतात. जेल उष्णतेत व खोल वापरात जास्त टिकते, पण तिला चार्जिंगचे व्होल्ट थोडे कमी लागतात. तुमच्या चार्जरवर जेलची सोय नसेल तर पूर्वी जो प्रकार होता तोच घ्यावा.

व्होल्ट आणि एएच

एका डब्यात सहा घरे, प्रत्येक घराचे सुमारे दोन व्होल्ट, म्हणून १२ व्होल्ट. असे दोन डबे एकामागे एक जोडले की २४ व्होल्ट, चार जोडले की ४८. आपल्या गाडीला किती लागतात हे चार्जरच्या पट्टीवर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. व्होल्टमध्ये तडजोड चालत नाही. ‘जास्त व्होल्ट, जास्त ताकद’ म्हणून कोणी एक डबा वाढवून दिला तर कंट्रोलर जळतो.

एएच म्हणजे डब्यात किती माल आहे त्याचे माप. व्होल्टला एएचने गुणले की एकूण साठा मिळतो. २४ व्होल्ट आणि २० एएच म्हणजे ४८० वॅट-तास. यातला निम्माच रोज वापरावा, म्हणजे बॅटरी टिकते. हाताशी राहिले २४०.

आता आपल्याकडचा रस्ता बघा. माळावरून ओढ्यात उतरायचे, पुन्हा माळावर चढायचे. माणूस, गाडी, पिशवी मिळून १५० किलो धरले, वेग ताशी सहा किलोमीटर धरला, तर सपाट पण खडबडीत वाटेवर चाकाशी सुमारे ५० वॅट ताकद लागते. वीस फुटांना एक फूट असा चढ लागला की तीच गरज १७० वॅटवर जाते, म्हणजे साडेतीनपट. मोटर आणि गिअरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर हातातले २४० वॅट-तास सपाटीवर जवळपास तीन तास पुरतील, चढावर तास भरणे मुश्कील. हा हिशोब ढोबळ आहे, पण शहरातल्या डांबरी रस्त्यावर वीस किलोमीटर जाणारी गाडी आपल्या वाडीवर दहा किलोमीटरलाच का धाप टाकते, ते यावरून कळावे.

एएचचा आकडा बघताना आणखी एक बारकावा आहे. तो किती तासांच्या हिशोबाने दिला आहे, तेही शेजारी छापलेले असते. वीस तासांत सावकाश रिकामी केली तर जी बॅटरी ३६ एएच देते, ती पाच तासांत रिकामी केली तर सुमारे ३० एएचच देते. दोन दुकानांतल्या बॅटऱ्यांची तुलना करायची तर दोन्हींचे तास सारखे हवेत.

जागा असेल तर पूर्वीपेक्षा थोडी मोठी एएच घ्यायला हरकत नाही. मात्र खोका टेपने मोजावा, वजन वाढेल हे ध्यानात घ्यावे आणि चार्जरलाही वेळ जास्त लागेल. तीन अँपिअरचा चार्जर ३६ एएच भरायला बारा-चौदा तास घेईल. लोडशेडिंग असलेल्या वाडीवर तेवढा सलग वेळ मिळतो का, याचा विचार आधी करावा.

दोन्ही एकदम बदला

‘एकच गेलीय, एकच द्या’ ही मागणी समजण्यासारखी आहे, कारण पैसा लागतो. पण जोडून वापरलेल्या डब्यांतून सारखाच करंट वाहतो. जुना डबा आधी रिकामा होतो आणि नव्याच्या जोरावर आणखी खाली ओढला जातो. भरताना जुना लवकर भरतो आणि तापतो, नवा अर्धवट राहतो. काही महिन्यांत दोन्ही जातात. म्हणून जोडी घ्यावी ती एकाच कंपनीची, एकाच मापाची आणि शक्यतो एकाच तारखेची.

खरेच बॅटरी गेली आहे का?

पैसे मोजण्याआधी हे तपासावे. चाकात हवा कमी आहे का? बाभळीच्या काट्याने हळूहळू हवा जात असेल तर गाडी जड चालते. ब्रेक घासतो आहे का? टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला आहे का? चार्जरचा दिवा बदलतो का?

हे सारे ठीक असेल तर रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून, तीन-चार तास बॅटरी तशीच ठेवावी. मग ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मीटरने प्रत्येक डबा वेगळा मोजून घ्यावा. १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. नुसते बसून मोजलेले पुरत नाही. गाडीवर माणूस बसवून थोड्या चढावर चालवताना पुन्हा मोजावे. पूर्ण भरलेला एखादा डबा अशा वेळी साडेदहाच्या खाली आपटत असेल तर तो संपला असे समजावे.

उन्हाळा आणि आपल्या सवयी

बॅटरीचे आयुष्य २५ अंश तपमान धरून सांगितलेले असते. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मे होते. दहिवडी-म्हसवडकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. गाडी झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत ठेवावी. बाहेरून आल्यावर तासभर बॅटरी निवू द्यावी, मग चार्जिंगला लावावी.

‘पूर्ण रिकामी झाल्याशिवाय चार्ज करू नये’ हा समज शिशाच्या बॅटरीच्या बाबतीत अगदी उलटा आहे. ती रिकामी पडून राहिली की प्लेटवर शिशाच्या क्षाराचे खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणून थोडी वापरली तरी त्याच रात्री भरावी. मध्येच वीज गेली तर बिघडत नाही, आल्यावर पुन्हा सुरू करावे. गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी.

चार्जिंग करताना थोडा वायू सुटू शकतो. त्यात हायड्रोजन असतो आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. चूल, उदबत्ती, विडी यांपासून दूर, खिडकी असलेल्या ठिकाणी चार्ज करावे; बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत नको.

लिथियमविषयी

हल्ली लिथियमच्या बॅटरीचा आग्रह होतो. ती वजनाला तिसऱ्या हिश्श्याने, फेरेही कितीतरी जास्त. चांगली गोष्ट आहे, पण तीन अटींवर. एक, तिचा स्वतःचा चार्जर घ्यावा. शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर लावू नये. दोन, गाडी बनवणाऱ्या कंपनीला विचारावे, कारण तिच्या आत करंट मर्यादित ठेवणारे संरक्षक सर्किट असते. ते लहान पडले तर नेमके चढावर गाडी एकदम बंद होते. तीन, नाव-गाव, तारीख, हमी नसलेली, कुठेतरी जुळवलेली पेटी कितीही स्वस्त असो, घरात आणू नये. ती पेटली तर पळू न शकणाऱ्या माणसाच्या खोलीत पेटेल.

बदलताना घ्यायची काळजी

गाडीत असते तशी एक ३५ एएचची बॅटरी दहा-अकरा किलोची असते. खुर्चीत बसल्या बसल्या वाकून ती उचलू नये. तोल जातो, खांदा लचकतो. घरातल्या धडधाकट माणसाने गुडघ्यात वाकून, पेटी छातीशी धरून उचलावी. आधी मोबाइलवर वायरींचा फोटो काढून ठेवावा. हातातली अंगठी, कडे, बांगडी काढावी. वजा वायर आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. अधिक-वजाची अदलाबदल झाली तर कंट्रोलर जातो. शेवटी पट्टा आवळावा, डबा हलता कामा नये.

आम्ल कातडीवर किंवा डोळ्यांत गेलेच तर ताबडतोब स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि मग दवाखाना गाठावा. डोळा चोळू नये. चुना, सोडा, दूध असले काही घालू नये.

जुनी बॅटरी फोडू नका

जुनी बॅटरी भंगारात घालण्यासाठी अंगणात फोडणे आणि चुलीवर शिसे वितळवणे, हा प्रकार ताबडतोब थांबला पाहिजे. शिसे धुरातून, मातीतून लेकरांच्या पोटात जाते आणि मेंदूची वाढ खुंटवते. रक्तात अमुक इतके शिसे सुरक्षित, अशी मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आफ्रिकेत सेनेगलच्या राजधानीजवळ थियारोये येथे २००७-०८ मध्ये जुन्या बॅटऱ्यांतले शिसे वेगळे करण्याच्या धंद्यामुळे काही महिन्यांत अठरा लहान मुले दगावली. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुनी जोडी दुकानदाराला परत द्यावी आणि तिचे पैसे नवीन बिलातून वजा करून घ्यावेत.

दुकानात जाताना

जुन्या बॅटरीवरचा मजकूर, खोक्याची लांबी-रुंदी-उंची आणि टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत, हे कागदावर उतरवून न्यावे. मग दुकानदाराला पाच प्रश्न विचारावेत. ही डीप सायकल आहे का? एएच किती तासांच्या हिशोबाने? बनवल्याची तारीख काय? (सहा महिन्यांपेक्षा जुनी नको.) माझ्या चार्जरला चालेल का? हमी किती आणि ती दिव्यांगाच्या गाडीत वापरली तरी लागू आहे का? त्याच्यासमोरच मीटर लावून घ्यावा, १२.४ च्या खाली दाखवत असेल तर ती जोडी परत ठेवावी. पक्के बिल घ्यावे.

शिबिरातून मिळालेली गाडी असेल तर आधी हमीपत्र काढून मुदत बघावी. मुदत संपली असल्यास ग्रामपंचायतीत जावे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. बॅटरीसाठी त्यातून मदत मिळावी, असा लेखी अर्ज दिव्यांग प्रमाणपत्राच्या प्रतीसह करावा आणि पोच घ्यावी.

आणि गाडी कितीही चांगली असली तरी उन्हाळ्यात घराबाहेर पडताना पाण्याची बाटली, टोपी, ओला पंचा आणि चार्ज केलेला मोबाइल बरोबर असावा. संवेदना नसलेल्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर भार देऊन बैठक उचलावी. जमत नसेल तर आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुकावे. घरी आल्यावर आरशात किंवा घरच्यांकडून बैठकीची कातडी रोज तपासून घ्यावी. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्यावर बसणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे.